सावडीतला बैल

आमच्या बैलाच्या बरगड्या माझ्या बोटांना पहिल्यांदा लागल्या त्या होळी झाल्यानंतरच्या एका सकाळी. आदल्या संध्याकाळी जोडी शेजाऱ्याच्या कोठ्यातून आमच्या कोठ्यात आली होती. कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा. शेण काढता काढता मी आमच्या पांढऱ्याच्या अंगावरून हात फिरवला, तर हाताखाली नुसती हाडं. मग बाजूला उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या तांबड्याच्या अंगावरून मुद्दाम हात फिरवला. त्याचं अंग भरलेलं, तुळतुळीत, माशी बसली तरी घसरेल असं. दोघं एकाच जुवाखाली चालणारे. मग एक भरतो आणि दुसरा झडतो, हे कसं? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही पाल माझ्याकडे एकदा चुकचुकायला लागली की लवकर गप्प बसत नाही.

हा स्वभाव मी माहेरून आणलेला. वडील अकोल्याच्या कोर्टात वकील. घरात कुणी नुसतं भूक नाही म्हटलं तरी का नाही, बाहेर काय खाल्लं, कुणासोबत खाल्लं, अशी उलटतपासणी सुरू व्हायची. लग्न होऊन मोर्शीकडच्या या गावात आले, तेव्हा वाटलं होतं की शेतकऱ्याच्या घरी एवढी चौकशी लागणार नाही. उलट जास्तच लागली. नवरा अमरावतीला खाजगी नोकरीत, सकाळी एसटीनं जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे शेत, गुरं आणि घर माझ्या आणि मामाजींच्या अंगावर. सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात. मामाजी बोलतात कमी, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो.

आधी आमच्याकडेही घरची जोडी होती. त्यातला एक बैल एका पावसाळ्यात पोट फुगून गेला. पांढरा एकटा उरला. त्याला जोड आणायची म्हणून मामाजी बाजारात जाऊन आले आणि आल्यावर नुसते पाणी प्यायले. चांगल्या बैलाचा भाव विचारला की दलाल आधी आपल्या चपलांकडे बघतो, मग उत्तर द्यायचं की नाही ते ठरवतो. विकायला जावं तर तोच दलाल आपल्या बैलात दहा खोडी काढतो. आणि म्हातारा बैल असेल तर त्याच्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नाही. त्याला गिऱ्हाईकच उरलेलं नाही.

शेजाऱ्याचीही तीच गत. त्याच्याकडे तांबडा एकटा. मग मामाजींनी आणि त्यानं सावड केली. सावड म्हणजे त्याचा एक, आमचा एक, मिळून जोडी. एक आठवडा जोडी त्याच्याकडे राहणार, एक आठवडा आमच्याकडे. ज्याच्या कोठ्यात जोडी, त्या आठवड्याचा चारा त्याचा आणि शेणही त्याचंच. कागदबिगद काही नाही. मी तेव्हा मामाजींना म्हटलं होतं, चार ओळी लिहून घ्या. मामाजी म्हणाले, "ढोरायच्या गोष्टी लिवत नसतेत, सूनबाई."

तर त्या सकाळी मी त्यांना पांढऱ्याच्या बरगड्या दाखवल्या. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"उनाचे दिवस हायेत," ते म्हणाले. "ढोरं उतरतेतच."

"मग तांबड्याले ऊन लागत नाही काय?"

रागावले की माझीही भाषा गावची होते. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि वावराकडे निघून गेले. माझ्या डोक्यात मात्र खटला उभा राहिला. आपल्या आठवड्यात शेजारी तांबड्याला सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घालत असणार आणि आमच्या पांढऱ्यापुढे नुसतं कुटार लोटत असणार. कुटार म्हणजे तुरीचा आणि सोयाबीनचा भुसा. त्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. ढेपेनं अंग भरतं, पण ती आता सोन्यासारखी जपून वापरायची वस्तू झालेली. म्हणजे आमचा बैल राबवायचा आणि ढेप फक्त स्वतःच्याला चारायची. यात शेजाऱ्याचा हेतू मला अगदी स्वच्छ दिसत होता.

शेणाचंही तेच. शेणावरून कुणाचं भांडण झालेलं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पण खताची गोणी महाग होत गेली तसा उकिरड्याला मान आला. त्याच सुमारास मी मोर्शीला कृषी केंद्रात गेले होते. डीएपी आहे का विचारलं, तर दुकानदार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "संपलं, ताई."

"काल संध्याकाळी तर गाडी उतरली म्हणतात."

"कोण म्हणते?"

"ज्यांनी उतरवली ते."

मग त्यानं वर पाहिलं. एक गोणी निघेल म्हणाला, पण तिच्यासोबत एक बाटली आणि एक पुडी घ्यावी लागेल. बाटलीत काय आहे विचारलं तर टॉनिक. मी विचारलं, पिकाला की मला? तो हसला नाही. गोणी हवी असेल तर हे घ्यावंच लागतं, सगळीकडे हेच आहे, असं त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं, दुसऱ्या दुकानातही मला हेच ऐकायला मिळालं. पण शटर अर्धं खाली असलेल्या मागच्या खोलीत गोण्यांची थप्पी मला दिसली होती, आणि माझ्या मागून आलेल्या एका ओळखीच्या माणसाला त्यानं चहा पाजून मागच्या दारानं नेलं, तेही दिसलं. मी गोणी घेतली, बाटली घेतली, पुडीही घेतली. घरी मामाजींनी बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "गुळाचं पानी दिसते." ती बाटली अजून पडवीत आहे. तिच्यातलं काही कुठल्या पिकावर टाकायची आमची हिंमत झाली नाही.

तेव्हा असं ठरलं की या वर्षी निदान अर्ध्या वावरात गोण्यांऐवजी शेणखतच टाकायचं. म्हणजे प्रत्येक पाटी शेणाचा हिशेब आला. आणि मला शेजाऱ्याचा उकिरडा आमच्यापेक्षा उंच दिसायला लागला. त्याच्याकडे गाय आहे, तिचंही शेण त्यात असतं, हे मला कळत होतं. पण एका गाईचं शेण असून असून किती असेल?

मग मी विरजणाच्या निमित्तानं त्यांच्याकडे जायला लागले. त्यांच्या पाळीच्या आठवड्यात एक दिवसाआड वाटी घेऊन जायचं, कोठ्यावरून जायचं, जाता जाता गव्हाणीत नजर टाकायची, दोन्ही बैलांच्या अंगावरून हात फिरवायचा. दोघांपुढे सारखंच कुटार असायचं. पांढऱ्याच्या गव्हाणीत हात घालून पाहिलं, तर ढेपेचा ओला चुराही हाताला लागला. यावरून कुणी साध्या माणसानं संशय सोडला असता. मला वाटलं, मी येणार हे त्यांना कळलंय आणि माझ्यापुरता चुरा भुरभुरून ठेवलाय. शेजारीण चतुर. एकदा वाटीत दही घालता घालता म्हणाली, "ताई, तुमच्या घरचं इरजन काहून टिकत नाही वो? दूध फिरते काय तुमचं?" मी म्हटलं, उन्हाळा आहे. ती म्हणाली, "हो ना, आमच्या घरी तं उन्हाळा आलाच नाही." आणि पदर तोंडाला लावून हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

आणि मग आमच्या घरची ढेप कमी व्हायला लागली.

ढेपेचं पोतं पडवीच्या कोपऱ्यात. रोज थोडी भिजवायची आणि जोडी आमच्याकडे असेल त्या आठवड्यात दोन्ही बैलांना सारखी घालायची, असं माझं आणि मामाजींचं ठरलेलं. मी स्वतः काढून द्यायची. पण पोतं माझ्या अंदाजापेक्षा लवकर खाली बसत होतं. शेजाऱ्याच्या आणि आमच्या परसातली भिंत कमरेएवढी. माझा संशय तिथूनच उडी मारून आला. मी पोत्याच्या तोंडाला माझ्या पद्धतीची गाठ मारून ठेवली, आई पापडाच्या डब्यावरच्या कापडाला मारायची तशी. सकाळी पाहिलं तर गाठ होती, पण माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी झाडू घेऊन उठले आणि कोठ्याशेजारी रचलेल्या तुराट्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. भिंतीवरून कोण उतरतं ते पाहायचं होतं. भिंतीवरून कुणीच आलं नाही. घराच्या दारातून मामाजी आले. हातात घमेलं, घमेल्यात भिजवलेली ढेप. त्यांनी ते घमेलं तांबड्यापुढे ठेवलं आणि स्वतः पांढऱ्याच्या आणि घमेल्याच्या मध्ये उभे राहिले. पांढऱ्यानं वासानं मान लांब केली. मामाजींनी कोपरानं त्याचं तोंड बाजूला सारलं. तो पुन्हा आला. त्यांनी पुन्हा सारलं. "तुह्यासाठी नाही, गड्या," ते म्हणाले, आणि त्याच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवत राहिले. तांबडा मजेत खात होता.

मी झाडू टाकून पुढे झाले. वकिलाच्या मुलीला एवढा धडधडीत पुरावा आयुष्यात कधी मिळाला नसेल.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकलेही नाहीत. "दिसते ना तुले."

"आपल्या बैलाला उपाशी ठेवून लोकांच्या बैलाला चारता?"

"उपाशी नाही ठेवत. कुटार घालतो, हिरवं घालतो." मग त्यांनी पांढऱ्याचा ओठ वर केला आणि मला दात दाखवले. झिजून पार सपाट झालेले. "याच्या अंगी आता काही लागत नाही. ढेप याले घातली काय अन् दगडाले घातली काय. लय झालं त्याचं."

"म्हणून तांबड्याला? तो आपला नाही!"

"जू तं आपलं हाये," मामाजी म्हणाले. "वखर कोन वढते वाटते तुले? सारा भार तांबड्यावर हाये. याच्या खांद्यावर जू नुसतं ठेवलेलं असते. तांबडा थकला, का तो शेजारी समजन याच्यात काही राह्यलं नाही. मंग सावड मोडन. मंग तू कोनता बैल आनतं?"

ते पुढे बोलले, आणि एका दमात एवढं बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलंय. सावड मोडली तर शेजाऱ्याला कुणीतरी दुसरा सावडीदार मिळेल, त्याचा बैल तरणा आहे. पांढऱ्याला कोण घेणार? एकटा, म्हातारा बैल. विकायचा तर गिऱ्हाईक नाही, ठेवायचा तर काम नाही. घरात बिनकामाचं जनावर पोसायची ऐपत राहिलेली नाही, आणि माझा नवरा दर रविवारी हेच बोलून दाखवायचा. गोरक्षणात, म्हणजे गोशाळेत, नेऊन सोडायचा, तर तिथेही आधीच गर्दी. मामाजींनी हा पांढरा स्वतः बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली होती.

मला राग आलाच होता. आमची ढेप, आमचा पैसा, आणि चकाकी दुसऱ्याच्या बैलावर. पण त्या रागात मी एक गोष्ट केली, दुसऱ्या दिवसापासून तांबड्याची ढेप मीच भिजवायला लागले, कारण मामाजींना पहाटे गुडघ्यांचा त्रास होतो. पांढऱ्याला समोरून सारणं मात्र मला जमायचं नाही. ते त्यांनीच करायचं.

यानंतर मला वाटलं की आता संशय घ्यायला काही उरलं नाही. चूक होती माझी. आता शेजारी यायला लागला. कधी दोरखंड मागायला, कधी पाना परत करायला, कधी नुसताच, उंबऱ्याशी उभा राहून पाऊस यंदा कसा येईल ते विचारायला. येण्याची वेळ मात्र नेमकी गुरांना चारा टाकायची. बोलायचा माझ्याशी आणि डोळे कोठ्यात. एका सकाळी तो आला तेव्हा घमेलं तांबड्यापुढेच होतं आणि पांढरा रिकाम्या गव्हाणीत नाक खुपसून होता. शेजाऱ्यानं घमेल्याकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं हाये," म्हणाला आणि आल्या पावली गेला. काय बरं आहे, ते काही त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या पाळीला जोडी वेळेवर आली नाही. पांढरा आला, तांबडा नाही. तांबड्याच्या पायात काहीतरी रुतलं, असं शेजारी म्हणाला. मी भिंतीवरून पाहिलं, तांबडा चारी पाय रोवून उभा होता. मामाजी म्हणाले, असेल रुतलेलं. पण तेही त्या दिवशी दोनदा भिंतीपाशी जाऊन आले. शेजाऱ्याच्या मेहुण्याकडे तिवशाला बैल आहेत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे सावड तिकडे जुळतेय, हा माझा नवा निष्कर्ष. शेजारणीला विचारलं, तर ती ताकास तूर लागू देईना. आता विरजणावरून चिडवतही नव्हती. वाटी भरून द्यायची आणि आत जायची.

पेरणी तोंडावर आली होती. वखरणी आटोपलेली, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. अशा दिवसांत एका सकाळी पिकअपचा आवाज आला आणि मी परसात जाईपर्यंत तांबड्याची शेपटी गाडीच्या फळीमागे दिसेनाशी झाली. गाडी परतवाड्याच्या बाजाराकडे गेली. संध्याकाळी तीच गाडी परत आली. ताडपत्रीखाली खताच्या गोण्या होत्या. तांबडा नव्हता.

मी चपला न घालताच त्याच्या दारात गेले.

"वहिनी, आत या," शेजारी म्हणाला.

"इथंच सांगा. पेरणीच्या तोंडावर सावडीतला बैल विकला? आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी वाटा मांगतला असता."

"कसला वाटा?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच काहीतरी लपवतेय. मग त्यानं सांगितलं, आणि मला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्या भागात बटईनं जनावर देण्याची रीत आहे. एकाचं जनावर, दुसऱ्यानं चारा घालून पोसायचं, आणि विकलं की किंमत अर्धी अर्धी. पोसणाऱ्याचा तो हक्कच असतो, गावात कुणीही मान्य करतं.

"ढेपेचा भाव पाह्यला काय तुमी?" शेजारी म्हणाला. "आजकाल लोक सोताच्या ढोराले घालत नाहीत. अन् तुमी माह्या बैलाले घालून राहिले, घरच्याले बाजूले सारून! मी माह्या डोयानं पाह्यलं. काहून घालून राहिले? मले काय समजन? तुमी दर दोन दिसाले इरजनाच्या नावानं येऊन त्याच्या अंगावरून हात फिरवत जात. म्हातारा भिंतीपाशी येऊन दोनदा त्याले पाहून गेला. मी म्हनलं, हे किंमत लावून राहिले. पोयाच्या सनापर्यंत थांबतीन अन् चार मानसात उभे राह्यतीन, का आमी पोसला, अर्धा आमचा. तसाही खताले पैसा पाह्यजे होता. भाव चढला होता, देऊन टाकला."

भाव का चढला होता, ते मला त्याला विचारावंसं वाटलं. तांबड्याच्या अंगावर जी चकाकी पाहून दलाल भुलला असेल, ती कुणाच्या पडवीतून आली होती? पण हे विचारलं असतं तर वाटा मागितल्यासारखंच झालं असतं. त्याऐवजी मी सगळं सांगून टाकलं. पांढऱ्यात काही उरलेलं नाही, तांबडाच दोघांचं ओढत होता, म्हणून मामाजी त्याला घालत होते.

शेजाऱ्यानं माझं बोलणं उलटसुलट करून पाहिलं असणार. मीही तेच केलं असतं.

"मंग तसं सांगाचं ना," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही सावड मोडली असती."

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "हो," म्हणाला. "मोडली असती."

घरी येऊन मी मामाजींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ते संतापतील, निदान कपाळाला हात लावतील. ते पाटावर बसून होते, तसेच बसून राहिले. "बटई," ते म्हणाले. "मी बी तेच समजलो असतो. समदं येवढं महाग झाल्यावर फुकट कोन काय देते?" आणि मग विचारलं, "चांगल्या मानसाच्या घरी गेला काय तांबडा? का दलालाच्याच हाती?" ते मी शेजाऱ्याला विचारलंच नव्हतं.

पाऊस आला. पेरणी दोघांनीही भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकली, त्यानं गोण्यांचं खत टाकून, आम्ही शेणखत टाकून. ट्रॅक्टरवाल्यानं आधी कुणाच्या वावरात जायचं यावरूनही मला शंका आल्या, पण त्या इथे सांगत नाही. नवऱ्यानं रविवारी पांढऱ्याचा विषय काढला. ट्रॅक्टरनं पेरणी झाली, मग हा कशाला ठेवायचा? बिचाऱ्याचं चुकतही नव्हतं. मामाजी जेवता जेवता उठून गेले. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्याबद्दल वाटली.

आणि पांढऱ्यानं खाणं सोडलं. आधी मला वाटलं पोटात काही गेलं. डॉक्टर येऊन बघून गेला, आजार काही नाही म्हणाला. मी त्याच्यापुढे घमेलंभर ढेप ठेवली, आता अडवायला कुणी नव्हतं. त्यानं हुंगून तोंड फिरवलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि अधूनमधून शेजाऱ्याच्या कोठ्याच्या दिशेनं हंबरायचा. मला ते ऐकवायचं नाही, मी घरात रेडिओ मोठा करायची.

एका संध्याकाळी मामाजींनी त्याला सोडलं. गोरक्षणात न्यायची ही वेळ नव्हती, पण नवऱ्याशी काही ठरलं असेल तर कोण जाणे. मी मागोमाग गेले. मामाजी त्याला घेऊन गल्लीतून वळले आणि सरळ शेजाऱ्याच्या कोठ्यात शिरले.

शेजारी बाहेर आला. त्याला वाटलं, आठवड्याची पाळी म्हणून बैल आणलाय. "काका, आता कायची पायी? माह्याकडं बैलच नाही."

"पायी नाही," मामाजी म्हणाले. "हा खात नाही. घडीभर बांधू दे."

पांढरा स्वतःच तांबड्याच्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला. गव्हाण हुंगली, तिचा काठ चाटला. तळाशी जुनं कुटार थोडं चिकटून होतं, ते जिभेनं ओढून खायला लागला. मामाजींनी तोंड दुसरीकडे वळवलं.

शेजारी पांढऱ्याकडे बघत नव्हता. तो मामाजींकडे बघत होता. ती नजर मी ओळखते. यात यांचा डाव काय आहे, ते शोधणारी नजर.

"इथंच ठेवता म्हनता?" त्यानं विचारलं.

"रातच्याले राहू दे. खातो तोवर."

"अन् शेन?"

"तुह्या उकिरड्यावर टाक."

"चारा?"

"मी आनून टाकीन."

हे ऐकून तो जास्तच बुचकळ्यात पडला. चारा मामाजींचा, शेण त्याचं. असं कुठे असतं? "मंग तुमाले यात काय भेटते, काका?"

"काही नाही."

आमच्यासारख्या माणसांना देऊ नये असं हे उत्तर. शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मलाही हेच विचारावंसं वाटत होतं. मग तो हळूच म्हणाला, "अन् उद्या याले इकलं तं?"

मामाजी हसले. होळीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "याले कोन घेते, बापा?"

शेजाऱ्यानं पांढऱ्याला दातांपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. त्याच्यासोबत मीही न्याहाळलं. कुठे काही सापडतं का ते आम्ही दोघांनी नीट पाहिलं. हाडं, झिजलेले खूर, खांद्यावर जुवाचा काळा घट्टा. मग शेजारी आत गेला आणि टोपलंभर कुटार घेऊन आला, त्यावर मूठभर ढेप टाकली आणि पांढऱ्यापुढे ओतलं. "सकाळी येऊन पाहून जा," तो मामाजींना म्हणाला.

मामाजी घरी निघाले. मी मात्र पांढरा ते सगळं संपवेपर्यंत तिथेच उभी राहिले, आणि शेजारीही जागचा हलला नाही.